टू पॉइंट एटची सावली

कोकणात वारसा म्हटला की गर्दी आलीच. आमच्या श्रीवर्धनात चार गुंठ्यांच्या वाडीच्या सातबाऱ्यावर इतकी नावं असतात, की कुणाच्या वाट्याला किती पोफळी येतात हे काढायला अपूर्णांक लागतात. पितळी घंगाळ, सागवानी पलंग, देव्हाऱ्यातला गणपती, प्रत्येक वस्तूवर कुणाचा ना कुणाचा डोळा असतोच. भाऊकाका गेले तेव्हा त्यांच्या कपाटातल्या एकाच वस्तूवर कुणी हक्क सांगितला नाही, म्हणून ती बिनबोभाट माझ्याकडे आली. तपकिरी चामडी पेटीतला कॅमेरा. झोर्की-४, रशियन बनावटीचा.

भाऊकाका मुंबईला गोदीत नोकरीला होते. हा कॅमेरा त्यांना एका रशियन बोटीवरच्या खलाशाने दिला, असं ते सांगत. चोरबाजारातून आणला, असं आत्या सांगते. आत्याचं म्हणणं मला जास्त खरं वाटतं, पण पाहुण्यांना मी खलाशीच सांगतो.

वंशावळ मात्र कॅमेऱ्याची मोठी. १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत लायका नावाचा छोटा कॅमेरा विकायला आला. तो बनवणाऱ्या ओस्कार बार्नाकला दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटांचं ओझं घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नव्हतं, असं सांगतात. सोव्हिएत संघात त्याची नक्कल पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाली ती युक्रेनमधल्या खारकोव्हला, मकारेंकोने चालवलेल्या अनाथ मुलांच्या वसाहतीत. त्या नकलेची पुढची पिढी म्हणजे मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कला बनलेले झोर्की. झोर्की-४ हे मॉडेल १९५६ ते १९७३ पर्यंत निघत होतं. त्यावरचं ज्युपिटर-८ हे भिंगही मुळात झाइसच्या जर्मन रचनेवरून घेतलेलं. अक्कल जर्मन, हात रशियन. त्यात आतली बुरशी तेवढी अस्सल श्रीवर्धनची.

ही बुरशी बघण्यासारखी होती. भिंगाला डोळा लावून पलीकडून टॉर्च मारला की कडेकडून आत सरकत आलेली बारीक पांढरी जाळी दिसायची, गोठलेल्या विजेसारखी. आमच्याकडे चार महिने चपलांवरसुद्धा बुरशी येते, भिंग कसं सुटणार? फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला एक जुने कारागीर बसतात. त्यांनी भिंग उघडून पुसलं, शटरच्या कापडी पडद्यावरची दोन टाचणीएवढी भोकं बुजवली आणि पहिला सल्ला दिला तो चामडी पेटी फेकून द्यायचा. काका जिला जिवापाड जपत होते तीच पेटी ओल धरून ठेवत होती. डांबरगोळ्यांनी कसर लागत नाही, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. पडद्यावरची भोकं उन्हाची. भिंगाला टोपण न लावता कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला, की भिंग कापूस पेटवावा तसं कापड जाळतं. आता कॅमेरा हवाबंद डब्यात राहतो आणि सोबतीला नव्या बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या असतात. डबा आईचा आहे. त्यात पूर्वी चकल्या असायच्या, याची आठवण मला दर दिवाळीला करून दिली जाते.

या कॅमेऱ्यात भिंगातून बघायची सोय नाही. बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्या चौकोनात सगळं दोनदा दिसतं. भिंगावरची कडी फिरवली की भूत सरकत सरकत खऱ्या वस्तूवर जाऊन बसतं. बसलं की अंतर जमलं. यालाच रेंजफाइंडर म्हणतात. भूत सरकतं ते आडवं, त्यामुळे त्याला उभ्या रेषा लागतात. समुद्राचं क्षितिज म्हणजे एक लांबलचक आडवी रेघ. ती तिच्यावरच घसरत राहते आणि जमलं की नाही ते कळतच नाही. श्रीवर्धनला येणारा प्रत्येक जण ज्याचा फोटो काढायला येतो, नेमका तोच या यंत्राला नीट दिसत नाही. पोफळ मात्र याच्यासाठीच घडवलेली. सरळ, उभी, अंगावर कड्याकड्यांच्या खुणा. पण वाडीत अशा शंभर पोफळी शेजारी शेजारी असतात आणि एकीचं भूत भलतीच्याच अंगावर अगदी बेमालूम जाऊन बसतं. शिवाय एक मीटरच्या आतलं काही याला स्पष्ट दिसत नाही. काही नातेवाइकांच्या बाबतीत हे अंतर मला योग्य वाटतं.

कॅमेऱ्याला बॅटरी नाही आणि प्रकाश मोजायचा मीटरही नाही. ते काम काकांची वही करते. कापडी पुठ्ठ्याची, दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी. पहिल्या पानावर लाल शाईत: आधी चावी, मग वेग. उलट केल्यास बिघाड. (खरंच आहे. या कॅमेऱ्यात फिल्म पुढे ओढण्याआधी शटरचा वेग बदलायचा नसतो.) पुढे रकाने. तारीख नाही, तिथी. मग जागा, ऊन, आकडे, आणि शेवटी शेरा. फिल्म कधी ऑर्वोची, पूर्व जर्मनीहून आलेली, कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू'. आणि शेरे असे: 'माघ वद्य ४. अंगण. ढगाळ. वहिनी हलल्या.' वहिनी म्हणजे माझी आई. हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मी नव्हते हलले. त्यांचाच हात कापत होता. चहा घेतला नव्हता सकाळचा." इतक्या वर्षांनी झालेला हा खुलासा मी त्याच रकान्यात पेन्सिलने लिहून ठेवला आहे.

हे आकडे ज्यांनी कधी वापरले नाहीत त्यांना सांगायला हवं, की भिंगाच्या आत एक भोक असतं, ते लहान-मोठं करता येतं, आणि आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. सोळा, अकरा, आठ, फाइव्ह पॉइंट सिक्स, चार, टू पॉइंट एट. एकेक पायरी उतरताना आत येणारा उजेड दुप्पट होतो. स्वच्छ ऊन असेल तर भोक सोळावर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाइतका, एवढं गणित जगभर चालतं. फिल्म १२५ची, तर सेकंदाचा १२५वा भाग. काकांच्या वहीत समुद्रावरच्या प्रत्येक नोंदीपुढे हेच आहे: १६, १२५. मीही १२५चीच इलफर्डची एफपी-४ फिल्म वापरतो, म्हणजे वहीतले आकडे जसेच्या तसे उचलता येतात. समुद्रावर ते आजही तंतोतंत लागू पडतात. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या उन्हात काही फरक पडलेला नाही.

किनाऱ्यावर हा कॅमेरा घेऊन उभं राहिलं की पर्यटक गोळा होतात. मुलं आधी पाठीमागे येऊन पडदा शोधतात. पेशवे स्मारकापाशी एकाने विचारलं, "हा पेशव्यांच्या वेळचा का?" पेशवाई गेली १८१८ साली आणि फोटोग्राफी पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली, थोडक्यात चुकामूक झाली, असं मी त्याला सांगितलं. मुंबईत ही कला पोचायला मात्र उशीर लागला नाही. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. हे ऐकेपर्यंत तो गृहस्थ हरिहरेश्वरला निघून गेला होता.

फिल्म धुणं घरीच करतो. एका रोळाच्या पैशात चांगली सुरमई येते, वर धुलाईचे पैसे कुठून द्यायचे? अंधाऱ्या खोलीची अडचण गोधडीने सोडवली. पलंगावर गोधडीखाली कॅमेरा, टाकी आणि दोन हात घालायचे आणि चाचपडत फिल्म गुंडाळायची. वीज गेली की हे काम फार छान होतं. त्या वेळी महावितरणला दुवा देणारं श्रीवर्धनातलं आमचं एकच घर असावं. खरी कटकट पाण्याची. फिल्म धुवायची रसायनं वीस अंशांवर धरून लिहिलेली आणि वैशाखात आमच्या नळाला येतं ते अंघोळीचं पाणी. म्हणून विहिरीचं पाणी आणि जीवना बंदरावरचा मासळीचा बर्फ. बर्फ पिशवीतच ठेवून पाण्यात सोडायचा, नाहीतर फोटोतल्या माणसांना बांगड्याचा वास येईल असं आईला वाटतं.

वहीतल्या सगळ्यात जास्त नोंदी आहेत त्या आमच्या वाडीतल्या. विहिरीजवळ, भर दुपारी, ऊन स्वच्छ: २.८, १२५. पुन्हा पुन्हा हेच. म्हणजे समुद्रावरून घराच्या बोळातून मागच्या वाडीत आलं, की प्रकाश पाच पायऱ्या उतरायचा, बत्तीस पटीने कमी व्हायचा. तसा तो उतरायचाच. बाहेरून वाडीत आलं की काही क्षण नुसतं हिरवं-काळं दिसायचं, मग हळूहळू केळी दिसायच्या, मग पोफळीला चढलेला मिरीचा वेल, मग विहिरीचा काठ. त्या काठावर बारा महिने शेवाळ असायचं.

मी तिथे कॅमेरा घेऊन उभा राहिलो आणि शहानिशा म्हणून मोबाइलमधल्या मीटरने मोजलं. ११, १२५. वही २.८ म्हणते. चार पायऱ्यांचा फरक, म्हणजे सोळा पट ऊन जास्त. काका असल्या कामात चोख होते. मी वर पाहिलं, तर वर आकाश.

३ जून २०२०ला दुपारी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पोफळी कमरेत मोडाव्यात तशा मोडल्या. माड मुळासकट आडवे झाले. वाडीतून दुसऱ्याच्या वाडीत जायला वाट राहिली नव्हती. ओंडक्यांखालून सरपटत जावं लागे. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव सगळीकडे आहे. ती देणारी झाडं आजोबांनी लावलेली, काहींची तर त्यांच्याही आधीची. पंचनामे झाले. झाडं मोजली, कौलं मोजली. सावली मोजायला कुणी आलं नाही, ती मोजतात कशी हे तरी कुणाला ठाऊक होतं? विहिरीवरचं शेवाळ पुढच्याच उन्हाळ्यात वाळून पापुद्र्यासारखं सुटलं. काकांनी मात्र आमची सावली आधीच मोजून ठेवली होती, तिथीवार, शाईने.

तेव्हापासून विहिरीजवळचा आकडा घेणं हे माझं काम झालं आहे. वादळानंतर लावलेली पोफळीची रोपं आता डोक्याच्या वर गेली आहेत, काहींना पहिली शिपटंही दिसू लागली. आकडा अकरावरून आठावर आला, परवा फाइव्ह पॉइंट सिक्सवर. फोटो निघो न निघो, आकडा मी लिहितो. फिल्म फुकट जात नाही, मीटर मोबाइलचाच.

शेजारच्या नानांना याची कुणकुण लागली. त्यांची जायफळं वादळात गेली. जायफळाला वरून सावली लागते, नुसत्या उन्हात ते टिकत नाही. एक दिवस कुंपणापाशी येऊन म्हणाले, "काय रे, किती आलं आज?"

"फाइव्ह पॉइंट सिक्स."

"मराठीत सांग."

"भाऊकाकांच्या वेळेपेक्षा अजून चौपट ऊन आहे."

"मग जायफळाची कलमं आणू की नको?"

मी म्हटलं, चारवर येऊ दे, मग आणा. नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "तुझ्या त्या रशियनाला सांग, जरा हात चालव म्हणावं. मी ऐंशी ओलांडली. कलम लावलं तरी धरायला चार-पाच वर्षं जातात."

पुढच्या आठवड्यात त्यांनी कलमं आणलीच. प्रत्येकाभोवती चार मेढी रोवून वर माडाचे झाप टाकले आणि मला हाक मारली. "ये, खाली बस, मोज." मी उकिडवा बसून मोजलं. चार आलं.

"भाऊचा काय होता?"

"टू पॉइंट एट."

नानांनी पाडेल्याला हाक मारून आणखी दोन झाप मागवले.