माझा तेलुगूतला पिंग

रात्री नऊच्या सुमारास आमच्या ओसरीतून आरोळी येते, "आई, कीर्तन बंद कर!" शेजारी नवीन बिऱ्हाड आलं तेव्हा त्यांना वाटलं, या घरातलं पोरगं नास्तिक निघालं. तसं काही नाही. पोरगं परीक्षेआधी मारुतीला नारळ फोडतं. भांडण देवाशी नाही, पिंगशी आहे.

झालंय असं की माझा दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपतो. मग मी पोराच्या हॉटस्पॉटवर कीर्तन लावते. तो त्याच वेळी फ्री फायर मॅक्स या फोनवरच्या खेळाच्या मैदानात उतरलेला असतो. हॉटस्पॉट त्याचा, कीर्तनकार माझे. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा असतो. साठ-सत्तर असतो तोवर हिरवा, वाढला की पिवळा, आणि बुवांनी टिपेचा सूर लावला की लाल, २४०. आकडा लाल झाला की आमच्या घरात कुणीतरी मरतं.

परवा तो असाच मेला. मरताना ओरडला, "मी ग्लू वॉल लावली होती!" आणि खरंच, मी वाकून पाहिलं तर त्याच्या फोनवर त्याच्यासमोर निळसर भिंत धडधडीत उभी होती आणि तिच्यामागे हा आडवा. भिंतीआड असलेला माणूस मेला कसा? मला वाटलं, अन्याय झाला. त्याला तर वाटलंच. नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "भिंत कच्ची असेल."

त्या रात्री कीर्तन बंद करून मी पोराकडून पिंग शिकले. त्यालाही जे नीट येत नव्हतं ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. पिंग म्हणजे आपल्या फोनने सर्व्हरला 'ओ' दिली आणि तिकडून परत 'ओ' आली, याला लागलेला वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलेला. हे मोजायचा छोटासा प्रोग्रॅम अमेरिकेत माइक म्यूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३मध्ये लिहिला. पाणबुडी पाण्यात आवाज सोडते आणि कशावर तरी आपटून तो परत येतो, त्या टणत्कारावरून त्याने हे नाव ठेवलं. म्हणजे आमच्या ओसरीतल्या भांडणाचं मूळ समुद्रात आहे.

मग सर्व्हर लांब असेल म्हणून वेळ लागतो का? तो मुंबईत धरला, तर आमच्या गावापासून, बाजारहत्नूरपासून, सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर पळतो. जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर म्हणजे सहा मिलिसेकंद. साठातले सहा मुंबईने खाल्ले, उरलेले चोपन्न गेले कुठे? ते रांगांत गेले. फोन ते टॉवर, टॉवर ते पुढचं यंत्र, त्याच्या पुढचं यंत्र, प्रत्येक ठिकाणी थांबा. आदिलाबादची बस तरी दुसरं काय करते?

आणि २४०? ते माझं पाप. गिरणीत मी पायलीभर ज्वारी घेऊन पुढे बसले आणि मागे कुणी वाटीभर डाळ घेऊन आलं, तर त्या वाटीला पायली संपेपर्यंत उभं राहावं लागतं. खेळाचा निरोप वाटीएवढाच असतो. 'मी इथे आहे, गोळी झाडली, भिंत लावली', एवढंच. कीर्तनाचा व्हिडिओ म्हणजे पायलीच. भिंतीची वाटी माझ्या ज्वारीमागे रांगेत उभी राहिली. पोराच्या फोनने मात्र त्याला आधीच भिंत दाखवली होती. सर्व्हरपर्यंत ती पोचेपर्यंत तिथे गोळी लागून गेली होती, आणि खरं काय घडलं हे सर्व्हरच ठरवतो.

नवऱ्याने स्पीड टेस्ट लावून दाखवली. "तीस एमबीपीएस आहे की! कशाला रडता?" हाच घोळ सगळ्यांचा होतो. स्पीड म्हणजे एका खेपेत किती कापूस आदिलाबादच्या यार्डात जातो ते. पिंग म्हणजे परसातून हाक मारल्यावर शेजारीण किती वेळात 'काय गं' म्हणते ते. ट्रक कितीही मोठा आणा, शेजारीण लवकर ओ देत नाही.

हे सगळं ऐकताना मला हसू यायला लागलं, कारण ही गोष्ट माझीच होती. मी किनवटची. निजामाच्या काळात किनवटही आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९५६ला भाषावार प्रांत झाले आणि ते नांदेडकडे गेलं. मी लग्न होऊन इकडे आले. घरात मराठी, बाजारात मराठी-तेलुगू-हिंदीची मिसळ, यात माझं भागलं. पण तेलुगूत माझा पिंग आजही तीनशेच्या खाली येत नाही. समोरचा बोलतो, ते माझ्या डोक्यात किनवटला जातं, तिथे त्याचं मराठी होतं, उत्तर मराठीत तयार होतं, त्याचं तेलुगू करून ते इकडे येतं. तोवर बाया पुढच्या विषयावर गेलेल्या असतात. विनोदावर सगळ्या हसून संपतात आणि मग मी एकटी हसते. शेजारीण आता सवयीने थांबते, "अक्काचं हसू आलं का? हं, मग पुढे..."

माणूस असा किती दिवस उशिरा हसणार? म्हणून मी अंदाजाने जगायला शिकले. अर्धं वाक्य ऐकायचं, उरलेलं ताडायचं आणि मान हलवून टाकायची. खेळसुद्धा हेच करतात म्हणे. १९९६च्या क्वेकवर्ल्ड या खेळात ही युक्ती गाजली: सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता फोन किंवा संगणक तुमचं पाऊल आधीच टाकून दाखवतो. अंदाज बरोबर निघाला तर कुणाला काही कळत नाही. चुकला, तर पुढे गेलेला गडी रबराने ओढल्यासारखा मागे खेचला जातो.

मी अशी एकदा खेचली गेले. एका कचेरीच्या खिडकीवर कुठल्याशा पैशांची चौकशी करायला गेले होते. आतले साहेब कागद बघून म्हणाले, "मी डब्बुलु..." तेलुगूत डब्बुलु म्हणजे पैसे. 'मी' म्हणजे 'तुमचे', पण मराठी कानाला तो 'मी'च वाटतो. मी आणि पैसे! मन इतकं सुखावलं की पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. मी तोंडभर हसून म्हटलं, "थँक्यू सार!" आणि वळले. मागून वाक्याचं शेपूट आलं, "...इंका रालेदु." अजून आले नाहीत. पायरीवरून परत खिडकीशी आले. रांगेतल्या एका आजीने माझ्याकडे असं पाहिलं की तिला गिरणीतली पायली मीच वाटले असेन.

पोराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझा पिंग वाईट नाही आई, नाचतो." यालाच जिटर म्हणतात. दीडशेचा पिंग दीडशेच राहिला तर हाताला त्याची सवय होते. नेम जरा आधी धरायचा, झालं. पण आत्ता चाळीस, मग चारशे, परत साठ, असं झालं की कुठल्याच अंदाजाला अर्थ उरत नाही. भाजीवालीचं तेलुगू संथ आहे, तिच्याशी मी दहा रुपयांसाठी पाऊण तास भांडू शकते. साहेब मात्र दोन शब्द सावकाश बोलतात आणि तिसऱ्यापासून एक्सप्रेस सुटते.

काही शब्द तर पोचतच नाहीत. खेळातही निरोप वाटेत गळतात आणि बरेच खेळ ते परत मागत बसत नाहीत. शिळ्या बातमीचा उपयोग काय? लग्नातल्या गप्पांत मीही 'काय म्हणालात' विचारत नाही. रिचार्जचा नंबर मात्र तीनदा विचारते.

एक कबुली द्यायला हवी. सगळंच पाप कीर्तनाचं नव्हतं. मे महिन्यात चार्जर लावून खेळताना फोन तव्यासारखा तापायचा आणि चित्र अडकत-अडकत चालायचं. तेव्हाही आरोळी यायची. मी जाऊन कोपऱ्यात पाहिलं, तर आकडा हिरवागार, अठ्ठावन्न. पिंग वाढला की माणसं एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतात; फोन थकला की अख्खं चित्रच कुथतं. त्याचा आकडा वेगळा, एफपीएस म्हणतात त्याला. "हे नेट नाही, फोन दमलाय," मी म्हटलं. पोरगं माझ्याकडे, शेजारीण माझ्या हसण्याकडे बघते, तसं बघत राहिलं. त्या दिवशी घरात माझा वट वाढला.

आता तह झाला आहे. नऊ ते दहा खेळ, दहानंतर बुवा. काल रात्री पावणेदहाला पिंग बासष्ट होता आणि पोरगं तरी मेलं. "नेट नव्हतं गं," म्हणालं. मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवलं. ते गप्प बसलं.

तुम्ही कधी इकडे आलात, गिरनूरचा कनकाई धबधबा बघायला म्हणा, तर आमच्या ओसरीत चहाला थांबा. गप्पा तेलुगूत मारा, विनोदही सांगा. फक्त सांगून झाल्यावर लगेच उठू नका. माझं हसू वाटेत असतं.