पद्मिनीचा जीर्णोद्धार: उमेद टिकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा संकल्प सोलापुरात कोणीही सोडू शकतो. त्याला पळीभर पाणी लागतं आणि तेवढं नळ न येण्याच्या दिवशीही घरात असतं. इंजिन खोलून झालं, दारं ओसरीला टेकवून ठेवली, की खरी परीक्षा सुरू होते.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी तात्त्विक बैठक पक्की करावी. ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले. तेव्हा तुम्ही भंगार आणलेलं नाही, गावच्या लेकाचा वारसा कुर्ल्याच्या कारखान्यातून माहेरी आणला आहे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींच्या मागे लागलेल्या या गृहस्थांची मोटार कंपनी १९४४ मध्ये उभी राहिली, १९५३ मध्ये ते गेले आणि गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं १९७४ मध्ये. संस्थापकाला जी बघायला मिळाली नाही, ती तुम्हाला येत्या दिवाळीला हवी? शिवाय परमिटराजात कोरी पद्मिनी मिळायलाही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. तुमचा उशीर परंपरेला धरूनच आहे.

तारीख कुणालाही सांगू नये. सण सांगावा. ‘गड्ड्याच्या आत बाहेर काढतो’ हे वाक्य दर वर्षी नव्यानं खरं वाटतं, कारण सिद्धेश्वराची यात्रा दर वर्षी भरते. कुठल्या वर्षीचा गड्डा, हे सांगण्याचं बंधन नाही. मिस्त्रीकडून हेच शिकावं. तो ‘होतंय की, मालक’ म्हणतो तेव्हा नेमकं काय होतंय, हे विचारणाऱ्याची उमेद लवकर खचते.

काम निवडताना मात्र धोरण हवं. १०८९ सीसीच्या इंजिनाचं बोरिंग, नव्या रिंगा, कार्बोरेटरची सफाई या साऱ्यावर खर्च प्रचंड आणि बाहेरून दिसतं शून्य. त्यामुळे अधूनमधून एखादी दिसणारी किंवा ऐकू येणारी वस्तू चालू करावी. हॉर्न सर्वांत उत्तम. तो वाजला की आळीला कळतं की गाडीत जीव आहे. चाकं नसली तरी चालेल. सुटे नट-बोल्ट शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्यांत चिठ्ठ्या लावून ठेवावेत आणि त्या बरण्या स्वयंपाकघरापासून लांब ठेवाव्यात. पार्टांसाठी मुंबईला जावं, पण पत्रा शक्यतो इकडचाच बघावा. आपल्या कोरड्या हवेत तो समुद्रकाठच्याइतका सडत नाही. मे महिन्यात बॉनेटवर हात ठेवताना मनाला एवढाच दिलासा.

गाडी झाकायला प्लॅस्टिक वापरू नये, आत ओल धरून गंज चढतो. जुनी सोलापुरी चादर टाकावी. झाकलेल्या गाडीला लोक ‘काम चालू आहे’ म्हणतात, उघडीला भंगार. हा फरक उमेदीसाठी लाखमोलाचा.

आता सर्वांत मोठा आधार, म्हणजे सरकार. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ ठरू शकते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. तुमची पद्मिनी १९८० सालची असेल, तर २०३० च्या आत ती पूर्ण करणं हा निव्वळ अविचार. आजवर ज्याला चालढकल म्हणत होते, त्याला यापुढे नियोजन म्हणावं.

एक अडचण उरते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा इंधन भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. घरच्यांना मात्र पहिल्या फेरीत तुळजापूरला जायचं असतं, तेही नारळ, ओटी आणि आत्याबाईंसकट. अशा वेळी वाद घालू नये. टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवावं आणि पंप तुळजापुरातला निवडावा.