जुन्या पद्धतीचा माणूस

4 जून 2024. सकाळी आठला टीव्हीवर टपाली मतं मोजायला घेतली आणि इकडे नानांनी वही उघडली. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, वर पांढरी पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर टाकानं काढल्यासारखा एकच शब्द : 'संभाव्य'. उघडलेल्या पानावर मधोमध पट्टीनं मारलेली रेघ. डावीकडे 'हे आले तर', उजवीकडे 'ते आले तर'.

डाव्या रकान्यात जुनी करपद्धती बंद, 80सी ला कात्री, ठेवींचे व्याजदर खाली, आणि 2020 साली काढून घेतलेली रेल्वेची ज्येष्ठांची सवलत कायमची गेली. उजव्या रकान्यात वारसा कर, वाटपावर वाटप, त्यापायी तिजोरी रिकामी, सबब महागाई भत्ता गोठणार. दोन्ही रकान्यांच्या तळाशी, एका ओळीत, लाल शाईनं : 'पेन्शनला धोका.'

दुपारी तीनच्या चहाला मी त्यांच्याकडे होतो. तोवर एकट्याच्या जिवावर बहुमत कुणालाच नाही, हे दिसू लागलं होतं. आमच्या सोसायटीत निम्मे लोक हिरमुसले होते आणि निम्मे पेढे आणावेत की नाहीत या विचारात होते. नानांनी चष्मा पुसला, वहीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "कडबोळं आलं. आता दोन्ही रकाने लागू."

नाना कुठल्या पक्षाचे, हे सहकारनगरात कुणाला कळलेलं नाही. काकूंनाही नाही. सरकार कुणाचंही असो, नाना सत्ताधारी नसतात आणि विरोधकही नसतात. ते लेखापरीक्षणात असतात. 1968 साली बाविसाव्या वर्षी कॅम्पातल्या लष्कराच्या हिशेबाच्या कचेरीत लागले, ते 28 फेब्रुवारी 2006 ला बाहेर पडले. अडतीस वर्षं दुसऱ्यांची बिलं त्यांनी 'कृपया खुलासा व्हावा' असा शेरा मारून परत पाठवली. कर्नलच्या प्रवासभत्त्यात टांग्याचे आठ आणे जास्त लावलेले त्यांनी पकडले होते, हे ते अजून सांगतात. अशा माणसाला आपलंही बिल एक दिवस कुणीतरी परत पाठवणार, असं वाटलं तर त्यात नवल नाही. पेन्शन 2006 पासून दर महिन्याला खात्यात पडते आहे. नानांच्या मते अजून फक्त आक्षेप निघालेला नाही, इतकंच.

निवृत्त होताना त्यांनी चाळीस टक्के पेन्शन विकली. पेन्शन विकणे म्हणजे पुढच्या पेन्शनीचा तुकडा सरकारला देऊन एकरकमी पैसे उचलायचे. मग सरकार दरमहा तेवढी रक्कम कापून घेतं आणि पंधरा वर्षांनी तो तुकडा परत जोडून देतं. अट एकच, पंधरा वर्षांनी माणूस जागेवर असला पाहिजे. नानांची मुदत 2021 च्या मार्चमध्ये भरत होती. त्या वर्षभरात सगळं जग विषाणूला घाबरत होतं, नाना तारखेला. दोन मास्क, वर काकूंच्या जुन्या पातळाचा रुमाल, दुधाची पिशवी साबणानं धुतलेली. पेन्शन पूर्ववत झाल्याचा मेसेज आला तेव्हा त्यांनी मला गॅलरीतून ओरडून सांगितलं, "सुटलो रे! आता काही झालं तरी हरकत नाही."

पण पूर्ववत झालेल्या त्या पेन्शनीवर महागाई भत्ता मात्र गोठलेला. जानेवारी 2020 पासूनचे तीन हप्ते सरकारनं रोखले होते. जुलै 2021 ला भत्ता सतरावरून एकदम अठ्ठावीस टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांचा फरक काही मिळाला नाही. नाना त्याला 'माझे अठरा महिने' म्हणतात. ज्या सुरात लोक गेलेल्या भावाचं नाव घेतात, त्या सुरात.

आणि खरं सांगायचं तर इथे मला नानांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांच्या भीतीला पुरावा आहे. 1974 साली, लग्न होऊन वर्ष होत होतं तेव्हा, चलनवाढ आवरायला म्हणून सरकारनं नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत वळवला होता. तो पुढे हप्त्याहप्त्यानं, व्याजासकट परत मिळाला. काकूंचा पहिला कुकर त्यातलाच. पण ज्यानं अठ्ठाविसाव्या वर्षी पगारपत्रकावर तो रकाना पाहिला, त्याला 'असं कसं करतील?' हा प्रश्न पडत नाही. पगारदार आणि पेन्शनर मंडळींची प्रमाणित वजावट 2005 च्या अर्थसंकल्पानं काढून घेतली, म्हणजे ऐन नानांच्या निवृत्तीच्या तोंडावर. ती परत यायला 2018 उजाडलं. "सरकार देतं," नाना म्हणतात, "पण त्याला आठवण उशिरा येते."

त्यांचा दिवस शिमल्यावर सुरू होतो. बाकीचे लोक शिमल्याला बर्फ पाहायला जातात. नानांचं शिमला म्हणजे कामगार ब्यूरो, आणि कामगार ब्यूरो म्हणजे औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, ज्याच्यावर महागाई भत्ता ठरतो. महिनाअखेरीला आकडा आला की नाना बारा महिन्यांची सरासरी काढतात, आणि मंत्रिमंडळाच्या चार महिने आधी 'तीन टक्के' असं जाहीर करून मोकळे होतात. कांदा महागला की काकू कळवळतात आणि नानांच्या चेहऱ्यावर लपवलेलं समाधान दिसतं. "महागाई वाढली तर बरं, नाही वाढली तर भत्ता कुठून वाढणार?" असा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्यात 2024 च्या जानेवारीपासून भत्ता पन्नास टक्क्यांवर पोचलेला. पन्नासला पोचला की तो मूळ पेन्शनीत घालून शून्यावर आणतात, ही वावडी तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी सहा ते सातच्या दरम्यान उठायची. कुणी म्हणे नवीन सरकार पहिल्याच बैठकीत करणार, कुणी म्हणे मेव्हण्यानं परिपत्रक स्वतः पाहिलंय. नानांनी परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख मागितली. क्रमांक मिळाला नाही, म्हणून त्यांनी वावडी फेटाळली. पण वहीत टिपून ठेवली. शेजारी शेरा : 'क्रमांक अप्राप्त. लक्ष ठेवणे.'

दुसरी काळजी ऐंशीची. केंद्राच्या पेन्शनरला ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनीवर वीस टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, आणि शंभरीला पुन्हा पेन्शनीएवढीच रक्कम. नानांची ऐंशी 2026 च्या फेब्रुवारीत. "मी एकोणऐंशीचा होईन आणि हे कलम काढतील," ते म्हणायचे. शंभरीचा लाभ उचललेला एकही माणूस त्यांच्या पाहण्यात नाही. तरी ते कलमही राहावं, असं त्यांना मनापासून वाटतं.

माझं आणि त्यांचं एका गोष्टीत कधीच जमलं नाही. मी भोसरीत खासगी कारखान्यात तीस वर्षं काढली. मला 95 च्या योजनेतली पेन्शन मिळते, महिना 3,140 रुपये. तिच्यावर महागाई भत्ता नाही, शिमला नाही, ऐंशी नाही. नाना आपली व्यथा सांगून दमले की एकदा माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "तुझं बरं आहे. कात्री लावायला कापडच नाही." हे ते सांत्वन म्हणून म्हणतात. पहिली काही वर्षं मला राग यायचा.

गेल्या खेपेला माझ्या मुलानं त्यांचं विवरणपत्र भरलं. नवी करपद्धती आता आपोआप लागू होते, जुनी हवी तर सांगावं लागतं. नाना 1 एप्रिललाच तसं पत्र बँकेत देऊन पोच घेतात. पोच म्हणजे शिक्का, सही आणि वेळ. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांनी 80सी साठी पाच वर्षांची ठेव केली होती. मुलानं पेन्शन, व्याज, ज्येष्ठांची पन्नास हजारांची व्याजसवलत, औषधपाणी असं सगळं घातलं आणि लॅपटॉप वळवून दाखवला.

"नाना, जुन्या पद्धतीनं कर शून्य."

"बघ! म्हणून म्हणतो, जुनी सोडू नये."

"नव्या पद्धतीनंही शून्यच आहे."

नाना बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असेल. पण ते शून्य नवीन आहे. त्याचा अनुभव नाही."

मुलगा अजून ही गोष्ट हाफिसात सांगतो.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की माणूस जिवंत ठरायचा. मग अंगठ्याचं यंत्र आलं. नानांचा अंगठा अडतीस वर्षं फायलींची पानं उलटून इतका गुळगुळीत झालाय की यंत्राला त्यात माणूस सापडेना. आता मोबाइलवर चेहरा दाखवायचा आणि पडद्यावर सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. गेल्या वर्षी मी मोबाइल धरून उभा होतो. नाना इस्त्रीचा सदरा घालून, टोपी नीट करून, पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ बसले आणि डोळे मिटायलाच तयार होईनात. "डोळे मिटल्यावर जिवंत धरतात, हे कुठल्या नियमात बसतं?" आतून काकू म्हणाल्या, "अहो, सरकारला एकदा डोळा मारून टाका आणि जेवायला या."

काकूंबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की त्या नानांची काळजी करतात, नानांच्या काळजीची करत नाहीत. भांडण झालं की नानांचं हुकमी वाक्य असतं, "मी गेलो की तीस टक्क्यांवर येशील." कुटुंबनिवृत्तिवेतन मूळ पेन्शनीवर नव्हे, शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्के, हे त्या जन्मभर ऐकत आल्यात. त्या म्हणतात, "म्हणून तर शंभर टक्क्यांना तूप वाढतेय." डिसेंबरच्या 17 तारखेला पेन्शनर दिन असतो. 1982 साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयानं पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, असा निकाल दिला. सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड, आणि अर्जदार नकारा हे संरक्षण खात्यातलेच. 'नाव नकारा, निकाल होकार' हा विनोद नाना दरवर्षी करतात आणि काकू दरवर्षी त्या दिवशी शिरा करतात. विनोदाला नव्हे, निकालाला.

तर 23 जुलै 2024. नव्या सरकारचा पहिला अर्थसंकल्प. अकराच्या आधी आंघोळ, देवपूजा, वही, दोन रंगांची पेनं. पूर्वी अर्थसंकल्प संध्याकाळी पाचला असायचा, कचेरीत रेडिओभोवती घोळका व्हायचा. 1999 पासून तो सकाळी अकराला आला, तेव्हापासून नानांच्या मते त्यातलं गांभीर्य गेलं. काकू शेजारी मेथी निवडत बसलेल्या. अर्थमंत्री रोजगारावर बोलल्या, आंध्र आणि बिहारवर बोलल्या; नानांनी पेन उघडलं नाही. करांचा भाग आला तसे ते पुढे सरकले. प्रमाणित वजावट पन्नासवरून पंच्याहत्तर हजार, पण नव्या पद्धतीत. "नव्यांना," नाना म्हणाले, आणि लाल पेन हातात घेतलं. लगोलग पुढचं वाक्य आलं : कुटुंबनिवृत्तिवेतनावरची वजावट पंधरा हजारांवरून पंचवीस हजार.

नानांचं पेन तसंच राहिलं.

"म्हणजे मला?" काकूंनी मेथीवरून मान वर केली.

"तुला. मी गेल्यावर."

"किती?"

"दहा हजार जादा वजा होतील."

"मला कर लागणार आहे का पण?"

नानांनी मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसले. "नाही."

"मग झालं की." त्यांनी काड्या पेपरात गुंडाळल्या. "बघा, कुणीतरी माझा विचार केला."

"मी असेपर्यंत पैचा फरक नाही," नाना टीव्हीला उद्देशून म्हणाले, "आणि मी डोळे मिटले की सवलत! म्हणजे यांची अपेक्षा काय आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेकडीवर गेले नाहीत.

ऑगस्टात एकदा दुपारी काकूंनी मला बोलावलं. गिझरवाल्याचा नंबर 'त्यांच्या त्या वहीत' होता आणि नाना पासबुक भरायला बँकेत गेलेले. मी वही मागून उघडली. शेवटच्या पानावर नंबर नव्हता. वर 'माझ्या पश्चात' असं लिहून खाली क्रमवार सूचना होत्या. पेन्शनचा मूळ आदेश लोखंडी कपाटात, डावा खण. लॅमिनेशन केलेली प्रत बँकेत देऊ नये, साधी द्यावी. ज्या तारखेला मी जाईन त्या दिवसाची पेन्शन माझी. दुसऱ्या दिवसापासून तुझी. बँकेनं चुकून जास्त जमा केली तर त्यांनी मागायची वाट न पाहता परत करावी. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढाव्यात, पाच पुरत नाहीत.

सातव्या क्रमांकाची शाई ताजी होती. अक्षर तेच, पण थोडं दाबून काढलेलं : 'नवी करपद्धती घ्यावी.'

खाली पेन्सिलीनं, बारीक : 'तरी दोन्हीकडून काढून पाहावे.'