तिरक्या उन्हातले काका

प्रत्येक कॉलनीत एक रिटायर्ड ओव्हरसियर असतो. आमच्याकडच्याला सगळे नुसतं 'काका' म्हणतात. कुणाच्या बंगल्याला परांची लागली, की दुसऱ्या सकाळी काका हजर. बोलावलेलं कुणी नसतं. खिशात ओळंबा आणि हातात छत्री. पावसासाठी नव्हे, चूक दाखवायला.

साधं प्लास्टर असलं तर अर्ध्या तासात सुटका होते. पण बाहेरून रंगीत सिमेंटचं, वरचा पापुद्रा खरडून दाणा उघडा करायचं काम निघालं, की काकांचा मुक्कामच पडतो. "यात रंग मारून झाकाझाकी नाही. प्लास्टर हाच रंग. चुकलं की जन्मभर दर्शनी!" हे ते घरमालकाला धीर देण्यासाठी म्हणतात. मग "आय. एस. २४०२, सन १९६३" निघतं. बाहेरच्या गिलाव्याची ही संहिता मिस्त्रीने पाहिलेली नसते, पण नंबर त्याला आता पाठ झालाय.

"सगळ्या भिंतीचा कोरडा माल एकदम मिसळा. आज एक घाणी, उद्या दुसरी, म्हणजे भिंतीला दोन रंग!" बिगाऱ्याने अंदाजे बादली ओतली की काका कळवळतात, कारण पाणी कमीजास्त झालं तरी छटा बदलते. भिंत कोपऱ्यापर्यंत एका दमात न्यायची. मध्येच जेवायला बसलं की सांधा दिसतो. त्यामुळे एकचं जेवण तीनला होतं. तोवर काकूंच्या थर्मासमधला चहा माणसांना तग धरायला लावतो.

खरे काका दुसऱ्या दिवशी दिसतात. एरवी बँकेत पुढे दोन टोकन असली तरी थेट मॅनेजर गाठणारा हा माणूस ओल्या भिंतीपुढे मात्र तासन् तास उभा राहतो. अधूनमधून नखाने टोचून बघायचं. "अजून कच्चं आहे." खरडायची घाई केली तर माल खिळ्यांच्या फळीच्या दातांत अडकतो आणि दाणे उपटून येतात. उशीर केला तर फळी नुसती ओरखडे काढते. भुकटी कोरडी, भुरुभुरु पडायला लागली की काका ओरडतात, "आता! गोल गोल फिरव! जोर सगळीकडे तोच!" त्यात दक्षिणेची भिंत उन्हाने आधी तयार होते, उत्तरेची रेंगाळते. काका छत्री सावरत घराभोवती पळत राहतात.

संध्याकाळी तिरकं ऊन आलं, की एक डोळा मिटून, गाल भिंतीला लावून तपासणी. दोन-तीन मिलिमीटरच्या खरडीतली उणीव त्या उन्हात लपत नाही. काकांच्या स्वतःच्या घराचे पोपडे मात्र कित्येक वर्षं तसेच आहेत. तिथे काम घ्यायला मिस्त्रीच तयार होत नाही.

परवा शेजारची भिंत खरंच देखणी उतरली. काका बराच वेळ अस्वस्थपणे फिरले आणि अखेर पाइपमागून विजयी आवाज आला, "इथे ब्रश फिरलेला नाही! भुकटी तशीच आहे. पाणी मारलं असतं तर चिकटून बसली असती!"

मिस्त्रीने निमूटपणे ब्रश फिरवला. काका समाधानाने घरी गेले.

"राहून गेलं वाटतं?" मी विचारलं.

"राहतंय कसलं, साहेब! दर कामाला तळहाताएवढी जागा काकांसाठी ठेवतो. त्यांना काही सापडल्याशिवाय ते परांची उतरवू देत नाहीत."