अर्ध्या मिनिटाचा संसार

आमच्या घरात सात घड्याळं आहेत आणि सातही एकच वेळ दाखवतात. ज्या घरात दोन माणसांचं संध्याकाळच्या भाजीवर एकमत होत नाही, त्या घरात हा शुद्ध उद्धटपणा आहे, असं आमच्या हिचं मत. तिला स्वतःला घड्याळ लागतच नाही. डाळीला तीन शिट्ट्या, भाताला दोन. या हिशेबावर तिने लेस्टरमध्ये चौदा वर्षं संसार केला आहे.

सातांपैकी एक थोरलं, बाकीची सहा धाकटी. इंग्रजीत यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणतात. घरात तसं बोलणं बरं दिसत नाही. थोरलं जिन्यापाशी टांगलेलं आहे: महोगनीचं उभं कपाट, पुढे काच, आत सेकंदाचा लंबक. एक जुनी शाळा पाडली तेव्हा लिलावात मिळालं. कारखान्याचं नाव सांगत नाही, उगाच एखाद्या घराण्याची बदनामी नको. धाकटी प्रत्येक खोलीत एकेक. त्यांच्या पोटात ना स्प्रिंग, ना अक्कल. थोरल्याकडून दर अर्ध्या मिनिटाला विजेचा एक धक्का येतो आणि सहाही काटे अर्धं घर पुढे सरकतात.

लंबक बिचारा गरीब आहे, त्याचा आवाज जवळजवळ नाहीच. येता-जाता तो पंधरा दात्यांच्या चाकाचा एकेक दाता ओढतो. दोन सेकंदांना एक, म्हणजे अर्ध्या मिनिटात चाकाचा फेरा पुरा. मग एक खटका सुटतो, वजनदार दांडा खाली येतो आणि जाता जाता लंबकाला हलकेच ढकलतो. झोक्यावरच्या पोराला द्यावा तसा. इथपर्यंत सगळं प्रेमाचं. पण दांडा तळाशी टेकला की सर्किट जुळतं आणि विद्युतचुंबक त्याला लाथ मारून वर पाठवतो. ठाक्! त्याच विजेवर सहा खोल्यांतून सहा टक्. दिवसाला दोन हजार आठशे ऐंशी वेळा. दांडा विजेने वर फेकायच्या या युक्तीचं पेटंट फ्रँक होप-जोन्स आणि जॉर्ज बॉवेल यांनी १८९५ साली लंडनमध्ये घेतलं. त्यांच्या घरच्यांनी काय भोगलं, याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आवाज मोठा आहे, ही तक्रारच नाही. तक्रार तीस सेकंदांची आहे. सेकंदाच्या टिकटिकीचा कानाला सराव होतो. तासाच्या टोल्याआधी माणूस झोपून जातो. अर्धं मिनिट मात्र असं बेतलेलं आहे की डोळा लागायला पुरत नाही आणि विसरायलाही पुरत नाही. माणूस अंधारात पडून पुढच्या ठाक्ची वाट बघतो. भांडणातही तेच. हिचं वाक्य ऐन रंगात येतं, ठाक् होतो, आणि बाजारात पावती फाडावी तसा मुद्दा निकालात निघतो. हल्ली ती अठ्ठावीस सेकंदांत बोलणं आटपते. त्याने तिची धार वाढली आहे, एवढंच.

निदान झोपायच्या खोलीतलं तरी काढ, असं तिने सुचवलं. काढलं. सातही बंद! कारण सगळी एकाच तारेत, एकामागोमाग ओवलेली. एकत्र कुटुंब आहे हे. एक जण रुसून बसला की कुणालाच जेवण नाही. शेवटी तार माळ्यापर्यंत लांबवून काम भागवलं. धाकटं माळ्यावर गेलं.

राहिली शेजारीण. लंबकाला न हलणारी भिंत लागते, आणि आमच्या घरात आतल्या भिंती म्हणजे फळ्या. खरी वीटबंदी भिंत ती एकच, आणि ती अर्धी शेजारणीची. निवृत्त नर्सबाई आहेत त्या. तीन आठवडे त्या आमच्याशी नुसत्या हवापाण्याचं बोलल्या. चौथ्या आठवड्यात, तुमच्या मसाल्यांचा वास फार छान येतो, पण ते रात्रीसुद्धा कुटावे लागतात का, असं अत्यंत सभ्यपणे विचारलं. मी घड्याळ दाखवायला आत नेलं. त्यांनी दोन ठाक् उभ्याने ऐकले आणि म्हणाल्या, मला मसाला परवडला असता.

मी हिला समजावतो की आपण थोडक्यात सुटलो. लिव्हरपूलच्या लिव्हर बिल्डिंगवर याच जातीचं विजेचं घड्याळ आहे, १९११ सालचं, बनवलेलं आपल्याच लेस्टरात. त्याची एकेक तबकडी साडेसात मीटरहून मोठी. ती म्हणाली, "ते बाहेरच्या बाजूला आहे ना?"

मागच्या हिवाळ्यात आई आली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो थोरल्यावर गोधडी! "अरे, किती कुडकुडतंय ते," आई म्हणाली. मी सांगितलं की या लंबकाची दांडी इन्व्हारची आहे, थंडी-उन्हाने ती फारशी आखडत-वाढत नाही, ज्या गियोमनी हा मिश्रधातू शोधला त्यांना १९२० साली नोबेल मिळालं. आईने गोधडी काढली नाही. हीही काही बोलली नाही, कारण आवाज चार आणे कमी झाला होता. मी शॉर्ट यांच्या घड्याळाचीही गोष्ट सांगितली. १९२१ साली हे रेल्वेचे इंजिनिअर एडिंबराच्या वेधशाळेत गेले आणि त्यांनी मास्टरला हवा काढलेल्या पिंपात कोंडलं. तो आत नुसता झुलणार. मोजणं, खटके सोडणं सगळं बाहेरच्या स्लेव्हने करायचं. वर्षाला सेकंदभराचा फरक, शंभरेक घड्याळं जगभर गेली. आईने एकदा माझ्याकडे, एकदा कणीक मळणाऱ्या सुनेकडे पाहिलं. "म्हणजे आपल्यासारखंच की," ती म्हणाली.

खरा तमाशा वर्षातून दोनदा. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक वाजता इंग्लंड तासभर पुढे जातं. थोरल्याचा दांडा हाताने सोडत एकशे वीस ठोके द्यावे लागतात. आईला या सरकारी उलाढालीचं नवल नव्हतं; तिच्या वडिलांची मुंबई १९५५ पर्यंत देशाच्या घड्याळामागे एकोणचाळीस मिनिटं आपली बॉम्बे टाइम चालवत होती. "पण तेव्हा असं आदळआपट करून नव्हतं कुणी सांगत," ती वरच्या खोलीतून म्हणाली. पलीकडून नर्सबाईंनी भिंतीवर दोनदा ठोकलं. लय चुकली, मी पुन्हा मोजायला बसलो.

ऑक्टोबरात उलटं. धाकट्यांचे काटे मागे जात नाहीत, म्हणून रात्री दोनला लंबक हाताने धरायचा आणि तासभर थांबायचं. वर्षातला हा एकच तास घर गप्प असतं. हिने तो कॅलेंडरवर लाल पेनने नोंदवलेला असतो. दिवाळी शाईत नसते.

यंदाही दोनला लंबक धरला आणि जिन्यावर बसलो. वरून घोरणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं की ही घोरते. दर अर्ध्या मिनिटाला झोप मोडल्यावर कुणाला घोरता येणार? तास झाला. मी उठलो, हात पुढे केला, आणि पुन्हा बसलो. अजून दहा मिनिटं गेली, मग लंबक सोडला.

सकाळी सगळं घर दहा मिनिटं मागे. म्हणजे वीस ठोके थकले. देणार कसे? स्वयंपाकघरात डाळीचा कुकर चढला होता. पहिल्या शिट्टीच्या आड मी सहा ठोके उरकले. दुसरीत पाच. तिसरीत, घाई करून, पुन्हा पाच. चार राहिले. मी दांड्यावर बोट ठेवून गॅस बंद व्हायची वाट पाहत उभा.

ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. गॅसच्या बटणावर हात होता, पण तिने तो फिरवला नाही. चौथी शिट्टी झाली.