पत्र्यावरचे दगड

माझ्या दाजींचं वारंगा फाट्यावर हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पुढे भट्टी, मागे बाकडी आणि डोक्यावर टिनपत्रे. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि यवतमाळ-नागपूरकडे जाणारा रस्ता इथं एकमेकांचा निरोप घेतात. त्यामुळे माणूस थांबतो, खिचडी सांगतो, आणि ती येईपर्यंत दुसरं काम नसल्यानं वर बघतो. वर बघितलं की त्याला मत सुचतं.

"मामा, गळायलंय की वरून!" हे नांदेडकडचं मत.

"बदलून टाका ना भाऊ, काहून ठेवता असं?" हे उमरखेडच्या पलीकडचं.

दाजी दोघांनाही "हो, करायचंय" म्हणतात आणि ताट बाजूच्या बाकड्यावर सरकवतात, जिथं ठिबकत नाही. पावसाळ्यात आमच्या हॉटेलात गिऱ्हाईक कुठं बसणार, हे गिऱ्हाईक ठरवत नाही. शिवाय पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ऑर्डर ऐकू येत नाही. पण काही मागितलं तरी खिचडीच येते, म्हणून आजवर तक्रार झालेली नाही.

दाजींचं धोरण आधी "रस्ता चौपदरी होऊ द्या, मग बघू" असं होतं. रस्ता चौपदरी झाला. मग "शक्तिपीठ महामार्गाचं काय ते ठरू द्या" असं झालं. तो महामार्ग हिंगोली जिल्ह्यातून जायचा आहे हे खरं, पण तो दाजींच्या भट्टीवरूनच जाईल असं अजून कोणी म्हटलेलं नाही. शेवटी ताईनं मला बोलावलं. मी नांदेडला नोकरीला आहे आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो, एवढ्या पात्रतेवर आमच्या घरात माणूस तज्ज्ञ होतो.

खरे तज्ज्ञ आधीच येऊन गेले होते. वेल्डरनं पत्र्याला खालून टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि कैचीसकट सगळं उतरवायला सांगितलं. वेल्डर कधीच "राहू द्या, चांगलं आहे" म्हणत नाही. नंतर मोटरसायकलवर केमिकलवाला आला. पत्र्यावर रबरासारखा थर बसतो, दहा वर्षं बघायचं काम नाही, गॅरंटी लिहून देतो, म्हणाला.

"गॅरंटी कशाची? पत्र्याची का केमिकलची?" मी विचारलं.

"केमिकलची."

म्हणजे उद्या पत्रा गंजून खिचडीच्या पातेल्यात पडला, तरी त्याच्यावरचं केमिकल शाबूत असणार. मिस्त्रीचं म्हणणं त्याहून स्वस्त होतं: भोकावर गोणपाट, गोणपाटावर डांबर, "यंदाचा पावसाळा निघून जातो." त्यातलं "यंदा" दरवर्षी नवं असतं.

दाजींचे वडील मात्र पत्र्याच्याच विरोधात. "माळवदासारखं सुख नाही," हे त्यांचं पालुपद. त्यात तथ्य आहे. मे महिन्यात माळवदाखाली झोप लागते आणि पत्र्याखाली पापड भाजतो. मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकून चोपली की झाली डागडुजी. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि ही जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली, हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यात कित्येकांनी पत्रा जवळ केला. अंगावर पडला तरी हलका, हा त्याचा मोठा गुण.

हलका म्हणून तो वळवाच्या वाऱ्यात उडतो. उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. म्हणजे भूकंपाच्या धास्तीनं जो दगड डोक्यावरून काढला, तोच वाऱ्याच्या धास्तीनं परत डोक्यावर गेला. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या पुढे हिंगोली जिल्हा हलला, तीव्रता 4.5. लोक बाहेर पळून एकमेकांना "तुम्हाला जाणवलं का?" विचारत होते, तेवढ्यात 3.6 चा दुसरा आला. प्रशासनानं आवाहन केलं, पत्र्यावरचे दगड काढा. दाजींनी काढले. पुढे अवकाळी आला, दाजींनी चढवले. 10 जुलैला पुन्हा 4.5 चा धक्का, दाजींनी उतरवले. त्या वर्षी आमच्याकडे पेरणीइतकंच हेही हंगामाचं काम होऊन बसलं.

खरं तर वारा पत्रा दाबत नाही, उचलतो. वरून ओढतो, आणि हॉटेल पुढून उघडं असलं की आत शिरून खालूनही ढकलतो. अशा वेळी चार दगडांनी काही होत नाही, हुक घट्ट लागतात. म्हणून मी वेल्डरच्या पोऱ्याला वर चढवलं आणि खालून प्रश्न विचारत राहिलो.

पोऱ्या वर होता तोवर मी खाली माझं ज्ञान पाजळलं. नागमोडी पत्र्याचं पेटंट 1829 चं, लंडनच्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरचं. पातळ पत्र्याला घड्या घातल्या की तो ताठ राहतो, एवढीच युक्ती. 1837 साली फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या माणसानं लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला राखतं, घरातल्या थोरल्या सुनेसारखं. संपेपर्यंत ते होतं हेच कुणाच्या लक्षात येत नाही. हे मी ताईला समजावून सांगितलं. ती थोरली सून आहे. तिनं काही न बोलता दाजींकडे बघितलं आणि खर्चाला मंजुरी मिळाली.

पोऱ्यानं सांगितलं ते वेगळंच. बाकड्यांवरचे पत्रे मळके होते पण जस्त जागेवर होतं. गळत होतं ते हुकांच्या भोकातून, कारण वायसर वाळून तुकडे झाले होते. त्यातही काही भोकं नालीच्या खोलगटात पाडलेली, जिथून पाणी वाहतं. भोक उंचवट्यावर पाडायचं असतं. भट्टीवरचे पत्रे मात्र कामातून गेलेले, आणि तेही खालून. इतकी वर्षं खिचडीची वाफ आणि धूर त्यांनीच खाल्ला. वरून कोणी कितीही केमिकल मारलं असतं तरी खालची वाफ थोडीच थांबणार होती?

तेव्हा भट्टीवर नवे पत्रे आणि धूर बाहेर काढायला पाईप, बाकड्यांवर जुनेच पत्रे, नवे हुक, नवे वायसर, खोलगटातली भोकं बंद. वेल्डर नाराज, कारण काम निम्म्याहून कमी. केमिकलवाला नाराज, कारण काम नाहीच. मिस्त्रीनं "बघा, यंदा तरी निघतो का" म्हणून घेतलं. उतरवलेले पत्रे भंगारवाल्याच्या गाडीत चढायच्या आत ताईनं गावाकडच्या गोठ्यासाठी लावून दिले. त्यावर ठेवायला दगडही तिनंच मागून नेले. प्रशासनाचं आवाहन तिच्या मते हॉटेलापुरतं होतं.

काम संपल्यावर पहिलंच गिऱ्हाईक हिंगोलीच्या गाडीतून उतरलं. बसलं, खिचडी सांगितली, वर बघितलं. अर्धे पत्रे चकचकीत, अर्धे काळपट.

"मामा, एवढा खर्च केलाव तर स्लॅबच टाकायचा होता की!"

"हो, करायचंय," दाजी म्हणाले. "कढी वाढू का?"