मोळी आणि कंपनी

बीड जिल्ह्यात उद्योग नाहीत, ही ओरड आता थांबवावी. पाटोद्याच्या माळावर रोज सकाळी एक उद्योग डोक्यावर चुंबळ ठेवून उभा राहतो. कच्चा माल वेडी बाभूळ. फुकट, शिवाय काटे बोनस. गोदाम म्हणजे ओसरी. वाहतुकीला मान. वीस-पंचवीस किलोची मोळी आणि डिझेलचा खर्च शून्य! अशी ताळेबंदाची शिस्त मोठमोठ्या कारखान्यांना साधलेली नाही.

2020 साली बीडजवळ पालवणला वृक्ष संमेलन भरलं, अध्यक्षपदी साक्षात वड. पुढच्या खेपेला मोळीलाही परिसंवादात घ्यावं. वक्ता आधीच बांधून आणलेला, वेळ नक्की पाळेल.

2016च्या उज्ज्वला योजनेतली लाल टाकी या उद्योगाच्या मालकीणबाईंच्या घरी आहेच. कोपऱ्यात. वर पिठाचा डबा छान बसतो.

आणि गिऱ्हाईक? धुळे-सोलापूर महामार्गावरचा ढाबा. पाटी: ‘चुलीवरचं मटण’. घरी पाइपातून गॅस येणारी मंडळी इथे गाडी थांबवून धुराच्या वासाचे जादा पैसे मोजतात. त्यातले थोडे मोळीवालीच्या पदराच्या गाठीत येतात. ती ते मोडत नाही, साठवते.

टाकी भरायची आहे.